भास्करकाकांचा पहिला पिंजरा

आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये जेवणाचं ताट हातात पडायच्या आधी डोळे दाखवावे लागायचे. रांगेत आपला नंबर आला की काउंटरपलीकडून एक हात पुढे यायचा, अंगठ्याने डाव्या डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढायचा आणि हुकूम सुटायचा, ‘‘वर बघा.’’ आपण वर बघायचं. वर सिमेंटचा पत्रा आणि एक कुरकुरणारा पंखा. आपण तो पंखा बघत असताना पलीकडचा माणूस आपल्या डोळ्यातला पांढरा भाग पांढराच आहे ना, याची खात्री करून घ्यायचा. मग अंगठा शेजारच्या जंतुनाशकाच्या भांड्यात बुडायचा, पुसला जायचा आणि मगच डाव उचलला जायचा. लोडिंगचा माणूस असो की मुंबईहून आलेला ऑडिटर, सूट कोणालाच नव्हती.

हा माणूस म्हणजे भास्कर चुरी, आमचे भास्करकाका. वाणगावजवळच्या एका खेड्यातले. वय साठीच्या अलीकडे, अंग वाळल्या शेंगेसारखं, डोक्यावर पांढरी कापडी टोपी. आमची कंपनी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगांसाठी लागणारी रसायनं बनवते. मी तिथे लॅबमध्ये केमिस्ट. माहेर साताऱ्याकडचं, नवरा वीज प्रकल्पात नोकरीला लागला म्हणून बोईसरला आले आणि इथलीच झाले. माझ्या पहिल्याच दिवशी काकांनी पापणी ओढली तेव्हा मी चांगलीच वैतागले होते. मी केमिस्ट आहे, कावीळ मला कळते, असं त्यांना सुनावलंही. ते शांतपणे म्हणाले, ‘‘तुमाला कळते ती दुसऱ्याची. आपली आपल्याला दिसत नाय.’’ आणि ताटात लाल माठ वाढला.

लाल माठ ही सुरुवात होती. काकांच्या कँटीनमध्ये पाला नाही असा पदार्थ नव्हता. डाळीत शेवग्याचा पाला, चपातीत शेवग्याचा पाला, वड्यात कोथिंबिरीच्या नावाखाली शेवग्याचा पाला. शेवग्याला फुलं आली की फुलांची भाजी. पावसाळ्यात टाकळा. उन्हाळ्यात कोकमाचं सार, जांभळाच्या दिवसांत प्रत्येक ताटात मूठभर जांभळं, आणि बारा महिने आवळ्याचं लोणचं. एका सव्वीस जानेवारीला सगळ्यांना शिरा मिळणार असं जाहीर झालं. लोक आनंदाने गेले आणि हिरवागार शिरा बघून परत फिरले. काकांनी त्यांना परत बोलावून, पापणी ओढून, तो खायला लावला.

बिहारकडच्या कामगारांनी तर त्यांचं नाव ‘पत्तेवाले काका’ ठेवलं होतं. ‘हम बकरी हैं क्या?’ असं रोज कोणीतरी विचारायचं. काका त्यावर रागवत नसत. बुधवारी सातपाटीहून सुकट आणायचे आणि माठात घालायचे. सुकटीच्या वासाने माणूस ताटावर यायचा आणि माठ खाऊन जायचा. ‘‘सुकट ही आमिष हाय,’’ ते मला गुपित सांगायचे. ‘‘मासा पकडायला मासाच लागतो.’’

या सगळ्यामागे शास्त्र होतं, आणि त्या शास्त्राला नकळत मीच खतपाणी घातलं होतं. बोईसर स्टेशनाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून काका इंटरनेटवरचे शोधनिबंध छापून आणायचे. इंग्रजी यथातथा, पण चिकाटी अफाट. दुपारचं जेवण आटोपलं की कागदांची चवड घेऊन लॅबच्या दारात उभे. सगळ्या निबंधांची कथा साधारण सारखीच असायची. उंदरांना एखादं रसायन द्यायचं, त्याने त्यांचं यकृत किंवा मूत्रपिंड बिघडायचं. काही उंदरांना त्याच्या जोडीला एखाद्या पाल्याचा किंवा फळाचा अर्क द्यायचा, आणि त्यांचं बिघडणं कमी झालं का ते बघायचं. बऱ्याचदा ते कमी झालेलं असायचं. काका असा कागद वाचताना क्रिकेटचा सामना ऐकल्यासारखे रंगून जायचे.

अँटिऑक्सिडंट म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी सोपं करून सांगितलं होतं. काही रसायनं शरीरात गेली की पेशींचा एक प्रकारे गंज सुरू होतो, आणि पालेभाज्यांतली काही द्रव्यं तो गंज थोडाफार रोखतात. झालं. तारापूरच्या माणसाला गंज समजावून सांगावा लागत नाही. समुद्राचं वारं आणि कंपन्यांची हवा, दोन्ही मिळून इथे नवीन ग्रिल वर्षात खातात. काकांचा चेहरा उजळला. ‘‘म्हणजे लोखंडाला आमी लाल प्रायमर लावतो तसं,’’ ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून लाल माठाचं नाव ‘प्रायमर’ पडलं. ‘‘आज प्रायमरचा डबल कोट घ्या,’’ असं म्हणत ते दुसऱ्यांदा वाढायचे.

दुसरा शब्द त्यांना मिळाला तो ‘सिग्निफिकंट’. निबंधात तो दर ओळीला येई. मी सांगितलं की फरक नुसता योगायोगाचा नाही, दखल घेण्याजोगा आहे, असं म्हणायचं असलं की हा शब्द वापरतात. काकांनी तो आयुष्यभरासाठी उचलला. भाजी चांगली झाली की सिग्निफिकंट. पाऊस दणकून पडला की सिग्निफिकंट. भरधाव टँकर अंगावर चिखल उडवून गेला तर तोही सिग्निफिकंट.

मी अधूनमधून पाणी ओतायचं काम करायचे. उंदीर आणि माणूस एक नाहीत, अर्क वेगळा आणि ताटातली डावभर भाजी वेगळी, यकृत खरोखर बिघडलं तर पाल्याने बरं होत नाही. काका सगळं ऐकून घ्यायचे आणि विचारायचे की भाजी खाऊन कोणी मेल्याचं माझ्या वाचनात आहे का. नव्हतं. ‘‘मग खाऊ दे ना,’’ म्हणत ते उठायचे.

एकदाच मी त्यांना निबंध खाली ठेवताना पाहिलं. एका कागदात ‘सॅक्रिफाइस्ड’ असा शब्द होता. त्यांनी डिक्शनरीत बघितला होता आणि अर्थ निघाला होता त्याग. उंदरांनी शेवटी कोणासाठी त्याग केला, असं त्यांनी मला विचारलं. मला उत्तर द्यावं लागलं. प्रयोग संपला की सगळ्या उंदरांना मारून यकृत तपासतात. पाला दिलेल्यांनासुद्धा. काकांनी निबंध खाली ठेवला. त्या दिवशी मदतनीस बायकांनी आग्रह करूनही ते जेवले नाहीत.

आता मुख्य गोष्ट सांगते.

आमच्याकडे फिल्टर सेक्शन म्हणून एक शेड आहे. तिथे सॉल्व्हंटमध्ये भिजलेला माल गाळून घेतात. काम करणारी बारा माणसं, त्यांच्यातलाच एक मुकादम देवजी. देवजी जव्हारच्या डोंगरातला, पावसाळ्यात गावी नाचणीचं शेत आणि बाकीचे महिने इथे. गडी कमी बोलणारा, पण जेवायला बसला की काकांना अभिमान वाटावा असा. चार चपात्या, भाताचा डोंगर आणि प्रायमरचा डबल कोट.

दिवाळीनंतर काकांच्या लक्षात आलं की तिसऱ्या पंगतीची ताटं अर्धी परत येताहेत. आमच्याकडे सेक्शनप्रमाणे जेवणाच्या वेळा ठरलेल्या आहेत आणि तिसरी पंगत फिल्टरची. आधी काकांना तो स्वतःच्या हाताचा अपमान वाटला. त्यांनी मसाला बदलला. वाणगावच्या तिखट मिरचीचा ठेचा ठेवला. बुधवारची सुकट सोमवारीही आणली. ताटं परत येतच राहिली. शेवटी त्यांनी एक दिवस मटण केलं, पाला न घालता, जे त्यांच्या कारकिर्दीत पहिल्यांदा घडत होतं. बाकीच्या पंगतींनी पातेली पुसून खाल्ली. देवजीने दोन फोडी खाल्ल्या आणि ताट सरकवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका लॅबमध्ये आले ते दोन बादल्या घेऊन. मी काचेची भांडी धुऊन ओळीने लावत होते, आणि त्यांनी उष्ट्याच्या त्या बादल्या माझ्या स्वच्छ ओट्यावर ठेवल्या. एक फिल्टर सेक्शनची, एक बॉयलरची. दोन्हीकडे माणसं सारखीच, बारा-बारा. मी चिडले. ओटा निर्जंतुक ठेवायचा असतो, वरिष्ठ आले तर मला फैलावर घेतील, हे सगळं बोलून घेतलं. ते थांबले. माझं संपल्यावर म्हणाले, ‘‘मटण टाकलं त्यांनी. मटण टाकलं म्हणजे ही चव नाय ताई, ही बिमारी हाय. तुमी वजन करा.’’

ड्रमच्या काट्यावर मी त्या बादल्यांचं वजन केलं. आठवडाभर रोज केलं. बॉयलरच्या बादलीचा तळ झाकत नव्हता आणि फिल्टरची रोज काठोकाठ. मला रसायनांच्या नमुन्यांतला फरक कळतो, त्याचंच मी शिक्षण घेतलं आहे. पण एखाद्या शेडमधल्या माणसांची भूक मेली आहे हे आठवी शिकलेल्या आचाऱ्याने माझ्या आधी ओळखलं होतं. डोळे अजून कोणाचेच पिवळे झाले नव्हते, फक्त ताटं बोलत होती.

मी फिल्टर सेक्शनमध्ये गेले. सॉल्व्हंटची घातक वाफ ओढून बाहेर नेणारा पंखा जोरात फिरत होता, आवाजही नेहमीसारखा. त्या आवाजावरच सगळे निश्चिंत होते. मी टिशू पेपरची पट्टी हवा खेचणाऱ्या तोंडाशी धरली. ती आत ओढली जायला हवी होती. ती नुसती थरथरली. शिडी लावून मेंटेनन्सच्या माणसाला वर चढवलं, तर छताखालून बाहेर जाणारा पत्र्याचा चौकोनी नळ गंजून चाळणीसारखा झालेला. पंखा वाफ ओढत होता आणि ती भोकांतून पुन्हा शेडमध्येच उतरत होती. खाली बारा माणसं आणि त्यांच्या गळ्यात लोंबकळणारे मास्क, जे घामामुळे कोणी धड लावत नव्हतं.

मी रिपोर्ट लिहिला. तिसऱ्या दिवशी प्लँट मॅनेजर देशमुख साहेबांनी मला आणि काकांना केबिनमध्ये बोलावलं. देशमुख साहेब वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगते. पण त्यांच्या डोक्यावर मोठी ऑर्डर होती. नळ बदलायचा तर शेड आठ दिवस बंद ठेवावी लागणार होती, आणि वार्षिक शटडाऊन दोन महिन्यांवर होता. काम तेव्हाच करू, असं त्यांनी ठरवलं होतं. तोपर्यंत माणसांना नवे मास्क द्यायचे. आणि मग ते काकांकडे वळून अगदी मनापासून म्हणाले की चुरी, तुमच्या पालेभाज्यांवर आम्ही इतकी वर्षं हसलो, ते चुकलं. आता फिल्टरच्या लोकांना रोज दोन पालेभाज्या, वर आवळ्याचा रस, सगळं कंपनीकडून. मोठा मिक्सर मिळेल, नवी शेगडी मिळेल. गेटवर बोर्ड लागेल, ‘आरोग्य आहार योजना’, आणि त्यावर तुमचा फोटो.

मी काकांकडे बघितलं. मिक्सरसाठी त्यांनी किती अर्ज केले होते ते मला माहीत होतं, त्यातले निम्मे मीच लिहून दिले होते. ज्या माणसाला सगळे पत्तेवाला म्हणून चिडवत, त्याचा फोटो गेटवर लागणार होता. त्यांचा चेहरा खरोखर फुलला, खोटं कशाला सांगू. त्यांनी टोपी काढली, हातात फिरवली, परत घातली.

‘‘साहेब,’’ ते म्हणाले, ‘‘त्या कागदांत नेहमी तीन पिंजरे असतात. तिसऱ्या पिंजऱ्यातल्या उंदरांना विष देतात आणि पाला देतात. ती जरा बरी राहतात. दुसऱ्या पिंजऱ्यात नुसतं विष, ती मरायला टेकतात. आणि एक पहिला पिंजरा असतो. त्याला काय नाय देत. विष नाय, पाला नाय. साधं खाणं, साधं पाणी. सगळ्यात चांगलं लिव्हर कोणाचं निघतं, ठाव हाय? पहिल्या पिंजऱ्याचं. दर कागदात. ताईंना विचारा.’’

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. हे असंच असतं आणि इतके निबंध समजावून सांगताना मला कधी ते वेगळं सांगावंसं वाटलं नव्हतं.

‘‘मला माझी माणसं पहिल्या पिंजऱ्यात पायजेत,’’ काका म्हणाले. ‘‘माझा पाला तिसऱ्या पिंजऱ्यासाठी वापरू नका.’’

साहेबांना ते आवडलं नाही. निर्णय झालेला आहे, असं म्हणून त्यांनी फाइल मिटली. बाहेर आल्यावर मी काकांना म्हटलं की वर तक्रार करू, सरकारी निरीक्षकांना कळवू. ते म्हणाले, तुमी कागद लिहा, मी जेवण वाढतो. मला वाटलं, माणूस हिरमुसला.

दुसऱ्या दिवशी तिसरी पंगत नेहमीसारखी साडेबाराला बसली. काकांनी डोळे बघितले, ताटं वाढली. अर्ध्या तासाने माणसं उठायला लागली तर काका म्हणाले, बसा, सार यायचंय. सार आलं. मग म्हणाले ताक यायचंय. मग पापड. मग त्यांच्या वाडीतले चिकू, एकेक करून, सोलून. दोन वाजले. फिल्टरचा सुपरवायझर बोलवायला आला. काकांनी त्याला सांगितलं की जेवण अजून संपलेलं नाही. तीनला आला, तेव्हा भजी तळणं चालू होतं. देवजीच्या लक्षात सगळ्यात आधी आलं. त्याने पाय पसरले, भिंतीला टेकला आणि आयुष्यात प्रथमच हळूहळू जेवायला लागला. साडेचारला पाळी संपली, तेव्हा बारा माणसं ताटावर होती आणि बारावं भजं तोंडात होतं.

दुसऱ्या दिवशीही तेच. मेनू वाढत गेला. आता इतर सेक्शनची माणसं जाता-येता दारातून डोकावून विचारू लागली, कुठपर्यंत आलं जेवण. ‘भाताला वेळ आहे’ असं उत्तर यायचं. मदतनीस बायकांचं हसू थांबेना. सगळ्या कंपनीत पसरलं की भास्करकाकांची पंगत उठत नाही. युनियनचे लोक आले, बॅनर लावायचा का विचारू लागले. काकांनी त्यांना घालवून दिलं. हा संप नाही, जेवण आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

तिसऱ्या दिवशी देशमुख साहेब स्वतः आले. साहेबांनी विचारलं की हे किती दिवस चालणार. काका डाव हातात घेऊन उभे होते. ‘‘साहेब, ही माणसं जेवतात. ताटावरनं उठवायची असतील तर तुमी उठवा. माझ्या हातनं होणार नाय.’’

साहेब त्या बारा जणांकडे बघत राहिले. देवजीच्या ताटात वरण-भात होता आणि त्याने खरोखरच तो पुरता खाल्लेला नव्हता. खावासा वाटतच नव्हता त्याला. साहेब त्याच्याजवळ गेले, हळू आवाजात काहीतरी विचारलं. देवजीने पोटाला उजव्या बाजूला हात लावून दाखवला. घरी आई-बाप आहेत म्हणाला, दोन पोरी आहेत. साहेब मराठवाड्यातले, एका शिक्षकाचे चिरंजीव. जेवत्या माणसाला उठवणं त्यांच्याच्याने झालं नाही. ते तिथेच बाकावर बसले. काका पुढे झाले आणि सवयीने त्यांच्या पापणीला अंगठा लावला.

‘‘वर बघा.’’

प्लँट मॅनेजरने वर बघितलं. कोणी हसलं नाही. मग काकांनी त्यांनाही ताट वाढलं.

संध्याकाळी फिल्टरची शेड बंद झाली. दोन महिन्यांनी नव्हे, त्याच संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी बाराही जणांचं रक्त तपासलं. पाच जणांच्या यकृताचे आकडे वर गेलेले होते, देवजीचे सगळ्यात जास्त. डॉक्टरांनी सांगितलं की वेळेवर सापडलं, आणखी दोन महिने त्याच हवेत राहिले असते तर सांगता आलं नसतं. बाराही जणांना पगारी रजा मिळाली. नवा नळ आला तो गंज न धरणाऱ्या प्लास्टिकचा. तो बसवल्यावर मी टिशूची पट्टी तोंडाशी धरली, तर ती माझ्या बोटांतून सुटून आत खेचली गेली. खाली उभ्या असलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. एका पट्टीसाठी मला आयुष्यात इतक्या टाळ्या मिळालेल्या नाहीत.

ऑर्डर उशिरा गेली. कंपनी बुडाली नाही.

आठेक आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली. पाचही जणांचे आकडे खाली आले होते. काका रिपोर्ट ऐकायला हातातलं लाटणं तसंच घेऊन आले. डॉक्टरांनी त्यांना समजावलं की यकृत हा दिलदार अवयव आहे, त्रास देणं थांबवलं की पुष्कळदा तो स्वतःला सावरतो. स्वच्छ हवा, विश्रांती, चांगलं जेवण. काकांनी विचारलं, ‘‘फरक सिग्निफिकंट हाय का?’’ डॉक्टर हसून म्हणाले, अगदी सिग्निफिकंट. त्या दिवशी तिसऱ्या पंगतीची बादली कोरडी परत आली आणि काकांनी ती सगळ्या कँटीनभर उलटी धरून दाखवली. देवजीने सहा चपात्या खाल्ल्या होत्या.

एक मे रोजी कंपनीत काकांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ. देशमुख साहेबांनी माइकवर सांगितलं की चुरींनी काय हवं ते मागावं. सगळ्यांना वाटलं, मिक्सर. काकांनी कपडे धुवायची मोठी मशीन मागितली. कामगारांचे गणवेश कंपनीतच धुतले जावेत, एकही गणवेश घरी जाऊ नये, असं म्हणाले. लोक बुचकळ्यात पडले. आचाऱ्याला कपड्यांशी काय करायचंय. साहेबांनी मशीन मंजूर केली.

मशीन बसली, चालू झाली, त्या दिवशी नेमके काका रजेवर होते. ते कधी रजा घेत नसत. फोन लागेना. मला ती बातमी त्यांना प्रत्यक्ष द्यायची होती, म्हणून सुट्टीच्या दिवशी मी वाणगावला उतरून रिक्षाने त्यांच्या गावी गेले. इतक्या वर्षांत काकांनी घरचं नाव कधी काढलं नव्हतं. आमच्यात अर्ध्यांना वाटायचं की हा माणूस एकटाच आहे.

वाडीत छोटं कौलारू घर. ओट्यावर एक बाई चिंच सोलत बसल्या होत्या. अंगाने बारीक, हाताच्या शिरा दिसत होत्या, नजर मात्र तरतरीत. त्या काकांच्या पत्नी, सुलोचनाकाकी. परवा मला जरा ताप होता म्हणून हे घरी थांबले, असं त्यांनी सांगितलं. काका आत स्वयंपाक करत होते. मी मशीनची बातमी काकींनाच सांगितली. त्यांनी चिंच खाली ठेवली.

मग त्यांनी जे सांगितलं ते फार थोडक्यात. कँटीन घेण्याआधी काका अठरा वर्षं दुसऱ्या एका कंपनीत ऑपरेटर होते. रंगाने आणि कशाकशाने भरलेले कपडे घरी यायचे. विहिरीजवळच्या दगडावर त्या ते हाताने धुवायच्या. काकांना काही झालं नाही. काकींचं यकृत बिघडलं. कशामुळे, ते मुंबईच्या डॉक्टरांनाही छातीठोकपणे सांगता आलं नाही, दुसरीही कारणं असू शकतात म्हणाले. औषधं चालू झाली, ती अजून चालू आहेत, तपासण्या व्यवस्थित आहेत. ‘‘पण ह्यांनी मनाशी धरलं ते धरलं,’’ काकी म्हणाल्या. औषधं सुरू झाली त्याच आठवड्यात काकांनी नोकरी सोडली आणि पहिल्यांदा चूल हातात घेतली.

मी म्हटलं, त्या पालेभाज्यांचं वेड इथून सुरू झालं तर.

काकींनी आत बघून घेतलं. मग माझ्याकडे झुकल्या. ‘‘तुमाला एक सांगते, त्यांना बोलू नका. मला शेवगा आवडत नाय. लहानपणापासून नाय. मला त्याचा वासच सोसत नाय.’’

‘‘मग इतकी वर्षं?’’

‘‘डॉक्टर बोलले, औषध काम करतं, भाजी खाल्ली काय, नाय खाल्ली काय. मला ते ठाव हाय. त्यांना पण ठाव हाय.’’ त्यांनी पुन्हा चिंच उचलली. ‘‘पण मी खाल्ली की मग ते जेवतात. नाय तर ताट पुढ्यात घेऊन नुसते बसतात.’’

काका बाहेर आले. टोपी नव्हती, खांद्यावर पंचा. मला बघून ओशाळले, मग एकदम खुलले, मला बसायला पाट दिला. त्यांनी काकींच्या पुढे ताट ठेवलं, शेवग्याची भाजी वाढली, आणि उभे राहिले. पंक्तीत शेकडो माणसांना वाढणारा तो माणूस एका ताटाशी पाहुण्यासारखा संकोचून उभा होता.

काकींनी घास घेतला. सावकाश चावला. गिळला.

‘‘चांगली झालीय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘वाढा अजून थोडी. आणि तुमचं पण ताट घ्या.’’